दाजींना पोहता येत नाही

दाजी पहिल्या भेटीत स्वतःचं नाव सांगत नसत. समोरचा माणूस नमस्कार करी, आपलं नाव-गाव सांगे, आणि दाजी डोक्यावरची टोपी सारखी करून म्हणत, "मला पवता येत न्हाय."

मलाही त्यांनी हेच सांगितलं. इंदापूरच्या पलीकडे, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावरच्या त्या गावात मी हायस्कूलवर नव्यानेच रुजू झालो होतो आणि सायकलला वळकटी बांधून भाड्याची खोली शोधत होतो. दाजींच्या घराला लागून एक खोली रिकामी होती. मी माझं नाव सांगितलं, नोकरी सांगितली, आणि त्यांनी मला आपल्याला पोहता येत नसल्याचं सांगितलं. त्यावर काय बोलायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माझा गोंधळ त्यांच्या लक्षात आला असावा.

"कसं हाय मास्तर," ते म्हणाले, "उद्या मी पाण्यात पडलो, तर काठावरला माणूस काय करंल? म्हणंल, येईल पवत. बिडी पेटवंल. बिडी सपेपर्यंत आपला कारभार आटपला. म्हणून आधीच सांगून ठिवलेलं बरं."

मला हे इतकं पटलं, की मी उत्साहाने सांगितलं, मलाही पोहता येत नाही. दाजींनी माझ्याकडे जरा नाराजीनेच पाहिलं.

"मग तुमचा काय उपेग," असं म्हणून ते माझ्यासाठी पाणी आणायला आत गेले.

दाजींची सगळी नोकरी बारामतीकडे कालव्यावर गेली होती. ते पाटकरी होते. शेतकऱ्यांच्या पाण्याच्या पाळ्या बघायच्या, दारं उघडायची, दारं लावायची, आणि उरलेला वेळ कालव्याच्या कडेनं चालायचं. उभा जन्म पाण्याशेजारी काढलेल्या माणसाला पोहता येत नाही, याचं गावाला हसू यायचं. दाजींना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. "बँकेतला शिपाई जन्मभर नोटांशेजारीच बसतो की," एवढंच ते म्हणत.

निवृत्त झाल्यावर सगळे आपापल्या गावी जातात. दाजी बायकोच्या गावी आले. हे गाव म्हणजे आक्कांचं माहेर. धरण झालं तेव्हा खालची रानं पाण्यात गेली होती, पण गावठाण उंचावर असल्याने वाचलं. तिथं आक्कांच्या वडिलांनी ठेवलेलं दोन खणांचं घर होतं, त्यात दोघं राहायला आली. त्यामुळे या वयात दाजी घरजावई झाले. सगळं गाव त्यांचं मेहुणं. पिकल्या मिशांची माणसं त्यांना दाजी म्हणत, मग पोरंसोरंही म्हणायला लागली, मग दूधवाला आणि पोस्टमन. माझ्यासारख्या परक्या मास्तरालाही दुसरं काही म्हणायची सोय राहिली नाही.

जावयाची थट्टा करायचा आपल्याकडे सगळ्यांनाच हक्क असतो, आणि इथं तर जावई रोजच चहाच्या हॉटेलात हाती सापडत होता. एकदा कुणीतरी विचारलं, "दाजी, धोतर सोताचं का सासरचं?" दाजी बशीतला चहा संपवून म्हणाले, "धोतर माझंच हाय. इस्त्री तुमच्या बहिणीची हाय." थट्टा करणाऱ्याला पुढचं सुचेपर्यंत ते घराच्या वाटेला लागलेले असत.

त्यांची दुसरी खोड याहून अवघड होती. दाजींना जे दिसे ते ते मोठ्यानं बोलून दाखवत. ओट्यावर बसून दिवसभर त्यांचं चालू असे. "आला बघ मास्तर. पिवळा सदरा. कोपरावर फाटलाय." "नामदेवरावाचा ट्रॅक्टर चाललाय. मागं कुणी न्हाय. मडगार्डावर कुत्रं बसलंय." "शेवग्याला शेंगा आल्यात, वरल्या फांदीला, हात पुरायचा न्हाय." आत चुलीपुढं आक्का नुसतं "हं" करत. गावानं त्यांना मागच्या मागं 'आकाशवाणी' असं नाव ठेवलं होतं. मी पलीकडच्या खोलीत पेपर तपासायला बसलो की मनात म्हणे, या माउलीला संयम तरी किती असावा.

आक्कांबद्दल मला हसत हसत लिहिता येत नाही. माझे वडील निरवांगीच्या रानात मेंढरं राखत. आमच्या घरात बारामतीच्या कॉलेजात जाऊन पदवी घेणारा मी पहिलाच. त्या पदवीच्या वाटेवर माझ्या ताटात ज्यांनी ज्यांनी गरम भाकरी टाकली, त्यांची यादी मला पाठ आहे, आणि नोकरी लागल्यानंतरच्या यादीत पहिलं नाव आक्कांचं आहे. शाळेतून यायला उशीर झाला की माझ्या दाराशी ताटली झाकून ठेवलेली असे. मी अंगणात पाऊल टाकलं की त्या आतूनच म्हणत, "मास्तर, चपला नव्या घेतल्या वाटतं." माझी एवढी बारीक दखल माझ्या आईनंतर कुणी घेतली नव्हती. मी ती माया समजत होतो. माया होतीच.

मग धोंड्याचा महिना आला.

अधिक महिन्यात जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि वाण द्यायचं, ही आपली जुनी रीत. आक्कांचे थोरले भाऊ नामदेवराव म्हणजे गावातलं वजनदार माणूस. ट्रॅक्टर, ऊस, म्हशी, आणि या सगळ्यांहून मोठा आवाज. त्यांनी दाजींना पाटावर बसवलं, पंगतीत चार माणसं होती, त्यात मीही होतो. नामदेवराव खुशीत येऊन म्हणाले, दरवेळी धोतरजोडी देतो, यंदा तुमी सोता मागा. दाजींनी आजवर सासरकडून काही मागितलं नव्हतं. त्यामुळे ते आताही हात जोडतील, अशी सगळ्यांची खात्री होती.

दाजी म्हणाले, "रबराची होडी पायजे. हवा भरायची. मासं धरायला."

पंगतीत घास तोंडाशी थांबले. दाजींनी ही होडी कधीतरी एका सर्वेक्षणाच्या साहेबाकडे कालव्यावर पाहिली होती. पुण्याच्या जुन्या बाजारात अशा होड्या मिळतात, एवढीही माहिती त्यांनी काढून ठेवली होती. नामदेवराव म्हणाले, "दाजी, तुमाला पवता येत न्हाय." दाजी म्हणाले, "म्हणून तर होडी मागतोय. पवता येत असतं तर असाच गेलो असतो."

जावयाला शब्द दिला होता. पुढच्या खेपेला ट्रॅक्टरचे सुटे भाग आणायला पुण्याला गेलेले नामदेवराव एक मळकं हिरवं बोचकं घेऊन आले. अंगणात ते उलगडलं तेव्हा आत लाल रबराची घडी, दोन आखूड वल्ही, पायानं दाबायचा एक भाता आणि एक माहितीपत्रक निघालं. माहितीपत्रक सरळ माझ्या हातात आलं. मी ते सुलटं धरलं, उलटं धरलं. ती इंग्रजी नव्हती. कुठली होती ते मला आजही सांगता येणार नाही. मी प्रामाणिकपणे म्हणालो, मला हे वाचता येत नाही. नामदेवरावांनी जमलेल्या लोकांना समजावून सांगितलं, "मास्तर नवीन हायती. लाजत्यात."

पत्रकावर चित्रं होती हे नशीब. पहिल्या चित्रात अर्ध्या चड्डीतला एक माणूस भात्यावर पाय ठेवून उभा होता आणि शेजारी टोपीवाली बाई हसत होती. दाजींनी प्रत्येक चित्र मोठ्यानं वर्णन करून सांगितलं, अगदी बाईच्या टोपीवरच्या फितीसकट. मग गंभीरपणे म्हणाले, "ह्यात दोर कुटंच दावला न्हाय."

"दोर कशाला?" मी विचारलं.

"कमाल करता मास्तर. मला पवता येत न्हाय."

भाता जुना होता, त्याच्या कातड्यातून हवा निम्मी बाहेर जाई. पहिल्या दिवशी आळीपाळीनं सगळ्यांनी पाय मारले. होडीच्या कडा हळूहळू फुगत गेल्या, अंगणात एक लाल म्हैस बसल्यासारखी दिसायला लागली. कडेच्या दोन नळ्या आधी भरायच्या की तळ आधी, यावर वाद झाला. तळ आधी भरला, तर कडा आत वळून होडीची परात झाली. सगळी हवा सोडून पुन्हा पहिल्यापासून. शेवटी संध्याकाळच्या उन्हात होडी नीट उभी राहिली, आणि सगळ्यांच्या लक्षात आलं, की गावात नवीन गाडी आलीय आणि अजून पूजा झालेली नाही.

पूजा कुणी नको म्हणेना. नामदेवरावांच्या मंडळींनी हळद-कुंकू वाहिलं. झेंडूची माळ घातली. लिंबू चाकाखाली ठेवायचं असतं, पण चाक नव्हतं, म्हणून ते होडीच्या पोटात ठेवलं. नारळ मात्र नामदेवरावांनी शहाणपणानं बाजूच्या दगडावर फोडला. रबर आहे, जपलं पाहिजे, असं म्हणालेही. आणि मग नेहमीच्या सवयीनं कुणीतरी केळ्यात उदबत्त्या खोचून ते केळं होडीच्या फुगलेल्या काठावर ठेवलं.

गुळगुळीत काठावरून केळं कलंडायला कितीसा वेळ लागतो. आरती अर्ध्यावर होती. आधी फुस्स असा बारीक आवाज आला, मग होडीचं नाक खाली बसायला लागलं. लोक टाळ्या वाजवत राहिले. प्रसाद वाटेपर्यंत होडी नमस्काराला वाकल्यासारखी जमिनीला टेकली होती.

भोक नेमकं कुठं पडलं ते उदबत्तीच्या राखेत दिसेना. सायकलवाले रशीदभाई पाण्याची बादली आणायला निघाले. तेवढ्यात आक्का पुढं आल्या, गुडघ्यावर बसल्या, होडीच्या काठाजवळ गाल नेला आणि हात फिरवत फिरवत एका जागी बोट टेकवलं. "हितं." रशीदभाईंनी सायकलच्या ट्यूबचं काळं ठिगळ तिथं चिकटवलं. लाल होडीच्या नाकावर काळा गोल. आक्कांनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "चांगलं झालं. तीट लागली."

दर रविवारी सकाळी ती दोघं पाण्यावर जायला लागली. होडीची घडी दाजींच्या डोक्यावर, भाता माझ्या सायकलला, आणि आक्कांच्या खांद्यावर दोराचं वेटोळं. विहिरीत मोटार सोडायचा लांब दोर होता तो. काठावर होडी फुगवून झाली, की दोराचं एक टोक दाजी होडीच्या कडीला बांधत, दुसरं आक्का मनगटाला गुंडाळून एका सपाट दगडावर बसत. दाजी बेतानं आत बसत आणि छोट्या वल्ह्यांनी दोर पुरेल तिथंवर जात. दोर ताणला, की होडी थांबे. मी दगडाजवळच्या बाभळीखाली वह्या तपासत बसे.

हे दृश्य गावाला पर्वणी होती. म्हशी धुवायला आलेली माणसं मुद्दाम रेंगाळत. "आक्का, दावं घट बांधलंय न्हवं? दुसऱ्याच्या रानात शिरंल." "दाजीला वैरण टाकली का?" आक्का हसत. दाजी पाण्यातून ओरडून उत्तर देत, आणि उत्तर झालं की आपली आकाशवाणी चालू करत. "पलीकडं बगळं बसल्यात गं. पांढरी रांग. त्यातला एक लंगडतोय. ढग न्हाय एक बी. पाणी आज हिरवं दिसतंय, मागल्या रविवारी निळं हुतं." इतका आरडाओरडा वरून चालला असताना गळाला लागेल, असा मासा सबंध धरणात नव्हता. दिवाळी आली, गेली. दाजींनी आणलेला सगळ्यात मोठा मासा आक्कांनी चटणीत घातला, तो चटणीत सापडला नाही.

थट्टेची धार शेवटी नामदेवरावांपर्यंत पोचली. हॉटेलात कुणीतरी म्हणालं, की बहिणीच्या हातात दोर देऊन नवरा पाण्यात चरायला सोडायचा, ही तुमच्या घराण्याची नवी पद्धत दिसते. नामदेवराव तिथून तडक दाजींच्या ओट्यावर आले. मी दारातच होतो.

"दाजी, होडी मी दिली. हसं माझं हुतंय. तो दोर सोडा आन् मर्दासारखं जावा, न्हायतर ऱ्हाऊ द्या ते."

"दोर सुटायचा न्हाय," दाजी म्हणाले.

"मग संक्रांतीपतुर ह्या होडीतनं पंगत जेवंल एवढा एक मासा काढून दावा. न्हाय निघाला, तर होडी माझ्या गोठ्यात. म्हशींना पाणी प्यायला लई बेस हाय."

जावयाला दिलेलं वाण परत घेत नाहीत, असं मी म्हणून पाहिलं. नामदेवराव म्हणाले, परत कुठं घेतोय, नाव दाजीचंच राहील, पाणी तेवढं म्हशी पितील. मला वाटलं दाजी नेहमीसारखं काही बोलून त्यांना गप्प करतील. पण त्यांचा चेहरा उतरला होता. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता तो थांबला. खेळण्यातल्या होडीसाठी दोन म्हाताऱ्या माणसांनी एवढं काळजीत पडावं, हे मला तेव्हा जरा गमतीचंच वाटलं.

"काढतो," दाजी म्हणाले.

दुसऱ्या रविवारपासून दाजी पाण्यावर गप्प बसायला लागले. मासेमारीतली सगळ्यात अवघड गोष्ट त्यांच्यासाठी तीच होती. तोंडात सुपारी धरून ते बसत, काहीतरी दिसलं की गाल हलत, पण शब्द बाहेर पडत नसे. त्याऐवजी ते दोराला हिसका देत. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे भूक लागली. बारीक बारीक हिसके सलग आले, की काहीतरी गमतीचं दिसलंय, घरी गेल्यावर सांगतो. आक्काही काठावरून तसेच हिसके देत. मी वहीतून मान वर करून बघे. दोघांच्या मध्ये एवढं पाणी, आवाज कुणाचाच नाही, आणि आक्का दगडावर एकट्याच हसतायत.

शांततेचा परिणाम दिसायला लागला. आधी चार बोटांचे चिलापी मासे लागले, मग वीतभर. दाजींनी शेंगदाण्याची पेंड आणि कणीक मळून मोठे गोळे करायला घेतले. पण पंगत जेवेल असा मासा काही येईना, आणि संक्रांतीआधीचा शेवटचा रविवार उजाडला. आदल्या दिवशी नामदेवरावांनी गोठ्यात होडीपुरती जागा साफ करून घेतल्याची बातमी रशीदभाईंनी मला हळूच सांगितली होती.

त्या दिवशी ऊन वर आलं तरी दाजींचा गळ हलला नव्हता. आक्कांनी दोन हिसके देऊन जेवायला बोलावलं. तिकडून उत्तर आलं नाही. मी मान वर केली, तर होडी स्वतःहून चालली होती.

दाजी वल्हं मारत नव्हते. त्यांनी गळाची दोरी दोन्ही हातांत धरली होती, अंग मागे टाकलं होतं आणि ती लाल होडी तीट लावलेलं नाक पुढं करून आतल्या अंगाला ओढली जात होती. दोर ताणला. आक्का दगडावरून उठल्या. एक पाऊल पाण्यात, दुसरं पाऊल. मला वाटलं त्या थांबतील. त्या थांबल्या नाहीत. मी वह्या टाकून ओरडलो, "आक्का, दोर सोडा. पुढं जुना बांध आहे, पलीकडे खोल आहे."

त्यांनी दोर सोडला नाही. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं. मासा तेवढ्यात वळला होता. होडी डाव्या हाताला, बाभळीच्या खुंटांकडे गेली होती. दोर पाण्यात सैल पडून तिकडे वळला होता. आणि आक्का सरळ समोर बघत, सरळ समोर चालत होत्या. तिथं काहीच नव्हतं. नुसतं चकाकतं पाणी होतं.

तेव्हा मला कळलं, की आक्कांना दिसत नाही.

मी पाण्यात धावलो. दाजींनी वर बघितलं, हातातली दोरी होडीच्या कडीला दोन वेढे देऊन आवळली आणि "हिरे, थांब" एवढीच आक्कांना नावानं हाक मारून उडी टाकली. पाणी उडालंसुद्धा नाही. तो लांब हात, ते पाण्याला एका कुशीवर कापत येणं, मी आजवर कुणाचं पाहिलं नाही. आपल्याच अंगणातून उठून कुणी दाराशी यावं, तसे ते आले. मी छातीभर पाण्यात आक्कांचा दंड धरून उभा होतो. दाजींनी आम्हा दोघांनाही कवेत घेतलं आणि मागे उथळावर आणलं.

आक्कांच्या मनगटाला दोर तसाच होता.

"म्या सोडला न्हाय," त्या धापा टाकत म्हणाल्या. "मासा हाय का?"

दाजींनी मागं वळून पाहिलं. "हाय. कडीला बांधलाय."

"मग वढा की. काय हुबं ऱ्हायलाय दोघं."

आम्ही तिघांनी दोर ओढला. आधी होडी आली, रिकामी, आणि तिच्यामागं पाणी फुगवत तो आला. कटला जातीचा मासा. शाळेतल्या पहिलीच्या पोराएवढा. होडी ओढून ओढून दमला होता बिचारा. दाजींनी कल्ल्यात हात घालून त्याला वाळूवर घेतला, आणि आम्ही तिघं त्याच्याशेजारी बसलो. मग आक्कांनी हात पुढं केला आणि त्याच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत सावकाश फिरवला.

"रंग कसा हाय वो?"

दाजींनी टोपी शोधली. ती धरणात गेली होती. त्यांनी ओले केस मागे सारले आणि सांगायला सुरुवात केली. "पाठ काळी. शिसवीच्या देव्हाऱ्यागत. खाली उतरंल तशी चांदी हुत जाती. खवला रुपायाएवढा हाय, त्यात ऊन पडलं की जांभळं दिसतंय. डोळा सोन्याच्या कडीचा. तोंड नामदेवरावागत."

आक्का इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला.

त्या पदर पिळायला बाभळीमागे गेल्या तेव्हा दाजी माझ्याशी बोलले. कालव्यावर होते तेव्हाच आक्कांची नजर कमी व्हायला लागली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, आणि गेलेली नजर परत येत नाही हेही सांगितलं. बारामतीच्या चाळीत त्या रोज कुठं ना कुठं ठेचकाळत. या गावातला दगड न् दगड त्यांच्या पायांना लहानपणापासून ठाऊक होता, म्हणून दाजी इथं आले. भावांना मात्र कळू द्यायचं नव्हतं. कळलं असतं, तर भावजयांनी मायेनं चूल काढून घेतली असती आणि त्यांना खाटेवर बसवलं असतं.

"चार भिंतीत सगळं जमतंय तिला," दाजी म्हणाले. "पर भाईर पडायचं तिनं सोडलं हुतं. मी हुडकत हुतो मास्तर, डोळं लागत न्हाईत आन् तिच्याबिगर हुयाचं न्हाय, असं काय तरी काम. पवणाऱ्या माणसाचा दोर कोण धरंल? हुशार हाय ती. लगीच वळखलं असतं."

एवढं सांगून ते होडीची हवा सोडायला गेले. तेवढ्यात आक्का माझ्या बाजूला येऊन बसल्या, हातानं वाळू चाचपून.

"काय सांगत हुतं?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता खालच्या आवाजात म्हणाल्या, "मास्तर, कालव्यात पडलेली मेंढरं ह्यांनी पवत जाऊन काढलीती. म्या काठावर हुते, तवा दिसत हुतं मला. त्यांना वाटतंय म्हातारी इसरली."

"मग तुम्ही दोर का धरता?"

"त्यांना वाटतंय मला काम पायजे," आक्का म्हणाल्या. "वाटू द्या की. आन् खोटं कुटं हाय ते."

नामदेवरावांचा ट्रॅक्टर तेवढ्यात उतारावरून आला. सकाळी म्हशी धुऊन गेलेल्या कुणीतरी दाजींच्या गळाला अजून काही लागलं नसल्याची बातमी पोचवली होती. मागं ट्रॉलीत निम्मं गाव होतं, होडी न्यायला आलेलं. मासा बघून ट्रॅक्टर आपोआप बंद पडल्यासारखा थांबला. नामदेवरावांनी उतरून माशाभोवती एक फेरी मारली. काही बोलायचं म्हणून त्यांनी दाजींकडे पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत ओले, टोपी नाही.

"दाजी, तुमी कसं भिजला?"

"पडलो पाण्यात," दाजी म्हणाले. "तुमच्या बहिणीनं दोर वढून भाईर काढला. दोर नसता तर आज तुमी मासा न्हाय, मला न्यायला आला असता."

सगळे आक्कांकडे बघायला लागले. त्या पदर सावरून ताठ बसल्या होत्या, मनगटावर दोराचा लाल वळ. नामदेवराव कितीतरी वेळ त्या वळाकडे पाहत होते. मग ते माझ्याकडे वळले. गावात मास्तर खोटं बोलत नाही असा समज होता.

"मास्तर, तुमी हुता न्हवं हितं? दाजी पवत आलं न्हाईत?"

"नाही," मी म्हणालो. "दाजींना पोहता येत नाही."

आक्कांनी पदर तोंडाला लावला. दाजी होडीवर गुडघा टेकवून उरलेली हवा काढत होते, त्यांनी मान वर केली नाही.

मासा ट्रॉलीत, होडीची घडी माशाशेजारी, आणि आक्का नामदेवरावांच्या शेजारी मडगार्डावर, अशी वरात गावात आली. पंगत त्याच संध्याकाळी नामदेवरावांच्याच अंगणात बसली. गोठ्यात साफ केलेल्या जागेत होडी ठेवायची त्यांनी परवानगी मागितली, पाण्याची नव्हे, मानाची म्हणून. दाजींनी ती दिली नाही. पुढच्या रविवारी दोर खांद्यावर घेऊन आक्का पुढं निघाल्या, तेव्हा हॉटेलातल्या बाकावरून कुणीही वैरणीचा विषय काढला नाही. उलट एकानं विचारलं, आक्का, दोर जुना झालाय, नवा आणून देऊ का. आक्का म्हणाल्या, ह्यो हाताला वळखीचा हाय.

त्या दिवसापासून मलाही एक खोड लागली. शाळेतून आलो, की मी त्यांच्या अंगणात पाय टाकतानाच सांगतो, "आक्का, मी आलो. आज निळा सदरा आहे. खिशाला शाईचा डाग पडलाय."

ओट्यावर दाजी शेंगा सोलत असतात. ते वर बघत नाहीत. आतून भाकरी थापायची थांबते.

"डाग मोठा हाय का ल्हान?" आक्का विचारतात.